देहाच्या दिशा : भाषा संचालकांस अनावृत पत्र

मा. संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन,
यांसी,



आपला व माझा प्रत्यक्ष परिचय नाही. परंतु महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, आपल्या संचालनालयाची स्थापना झाली आणि पुढे एकेका शास्त्राचा परिभाषाकोश सिद्ध करून मराठीच्या पदरात टाकण्याचे जे चिकाटीचे काम तेथे झाले, त्याचा लाभ मी माझ्या अध्यापनाच्या काळात पुष्कळ घेतला आहे, आणि त्या ऋणाच्या जाणिवेनेच आज हे पत्र लिहीत आहे. शरीररचनाशास्त्र शिकविण्यात माझी तीसाहून अधिक वर्षे गेली. वैद्यकाचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे हा विचार आता केवळ संमेलनांतील ठरावांपुरता उरलेला नाही. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२मध्ये पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली आणि त्या तिहींत शरीररचना हा एक विषय होता. मराठीवरही आज ना उद्या ती जबाबदारी येणार आहे. ती येईल तेव्हा त्या पुस्तकाचे पहिले प्रकरण ज्या पंधरा-वीस शब्दांवर उभे राहील, ते शब्द आधीच नीट पारखून मुक्रर व्हावेत, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच. ते शब्द म्हणजे देहाच्या दिशांची नावे.

बाब लहान दिसते. वर, खाली, पुढे, मागे, डावे, उजवे ही नावे तर मूल चालू लागण्याच्या सुमारास शिकते. मग त्यांसाठी परिभाषा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर मला दरवर्षी विच्छेदनगृहात, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मिळत असे. मेजावर देह उताणा निजलेला, फॉर्मलिनच्या उग्र वासाने मुलांचे डोळे चुरचुरत असलेले, आणि छातीचा पिंजरा उघडून झाल्यावर मी एखाद्याला विचारी, "सांग बाळ, छातीच्या मधल्या हाडाच्या संदर्भात हृदय कोठे आहे?" दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, बुद्धीने तल्लख असा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, हाडाच्या खाली." मी विचारले, "खाली म्हणजे पोटाकडे का?" तो गडबडला, त्याने हात हवेतच थांबवला आणि म्हणाला, "नाही सर, खाली म्हणजे मेजाकडे." त्याच्या डोळ्यांना जे दिसत होते ते त्याने खरे सांगितले होते. देह निजलेला असल्यामुळे त्याचे 'वर' छताकडे गेले होते आणि 'खाली' मेजाकडे. पण तोच माणूस उठून उभा राहिला असता तर तेच हृदय हाडाच्या 'मागे' गेले असते, आणि कुशीवर वळला असता तर 'बाजूला'. हृदय तसूभर हललेले नाही. हलली ती केवळ आपली भाषा.

या अडचणीवर शरीररचनाशास्त्राने जो तोडगा काढला तो मला आजही मोठा सुंदर वाटतो. शास्त्र म्हणते, देह मेजावर निजलेला असो, खुर्चीत बसलेला असो, की गर्भाशयात उलटा असो, त्याविषयी बोलताना तो उभा आहे असेच मानावे. नजर समोर, पावले जुळलेली आणि बोटे पुढे, बाहू अंगालगत सोडलेले, तळहात पुढे केलेले आणि अंगठे बाहेरच्या बाजूस. मेजावरचा मृत देह अशा रीतीने भाषेत मात्र उभा राहतो, आणि जगभरचे वैद्य एकमेकांशी बोलतात ते या उभ्या माणसाविषयी बोलतात.

तळहात पुढेच का, हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे, कारण साधा उभा राहिलेला माणूस काही तळहात पुढे करून उभा राहत नाही. वाचकाने आपला डावा हात उजव्या अग्रबाहूवर ठेवावा आणि उजवा तळहात प्रथम उताणा, मग पालथा करून पाहावा. कोपराकडून मनगटाकडे जाणारी दोन हाडे तळहात उताणा असताना एकमेकांशी समांतर असतात. तो पालथा केला की अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरपे जाऊन त्याला ओलांडते. ज्या स्थितीत काहीही पिळवटलेले नाही ती स्थिती मोजमापासाठी पत्करावी, हा त्यामागचा विचार आहे. उताणा आणि पालथा, हे दोन्ही शब्द देहालाही लागतात, हातालाही लागतात आणि घरातल्या वाटीलाही. इतके बिनचूक शब्द हाताशी असताना त्यांच्या जागी दुर्बोध समास घडविण्याचे काही कारण मला दिसत नाही.

यानंतरचा नियम अधिक महत्त्वाचा. डावे आणि उजवे हे नेहमी त्या देहाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. रुग्ण माझ्यासमोर उभा असेल तर त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हाताच्या बाजूस येतो, आणि तरीही मी त्याला उजवाच म्हणायचे. छातीचे क्ष-किरण चित्र उजेडाच्या पेटीवर लावतात तेही असेच, जणू रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे. म्हणून हृदयाचे टोक पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसते आणि आपण त्याला डावीकडचे म्हणतो. सुमारे १०,००० माणसांत एकाचे हृदय, यकृत, प्लीहा सारे आरशातल्याप्रमाणे उलट्या बाजूंना असते. चित्र उलटे लावले आहे की माणूसच तसा घडला आहे, हे ठरते ते चित्रावर बाजूची खूण उमटलेली असेल तरच.

हा नियम परकीय आहे, तो विद्यार्थ्याच्या मनात मुद्दाम रुजवावा लागतो, असे मी प्रथम समजत होतो. पण शिकवता शिकवता माझ्या ध्यानात आले, की मराठी माणूस हा नियम घरातच शिकलेला असतो. पंगतीत पान वाढण्याचा आपला शिरस्ता पाहावा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही डावी बाजू. भाजी आणि आमटी ही उजवी. वाढणारी पानासमोर उभी असते, तिच्या दृष्टीने चटणी तिच्या उजव्या हाताला पडते. पण कोणीही तिला उजवी बाजू म्हणत नाही, कारण पान जेवणाऱ्याचे आहे. उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो तेव्हा सोंड देवाच्या उजवीकडे वळलेली असते, दर्शनाला आलेल्याच्या नव्हे. नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो आणि उजवा फलटण-माळशिरसकडे. तेथे डावे-उजवे ठरविताना पाटबंधारे खात्याने नदीलाच माणूस मानले आहे, तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेला आहे असे समजून तिच्या हातांची नावे काठांना दिली आहेत. जेवणारा, देव आणि नदी यांना त्यांचे स्वतःचे डावे-उजवे देणाऱ्या भाषेला रुग्णाचे डावे-उजवे त्याला देणे जड का जावे? माझी पहिली विनंती म्हणूनच अशी, की मराठी पाठ्यपुस्तकात हा नियम सांगताना हे दाखले द्यावेत. परभाषेतल्या पुस्तकात जे वाक्य पाठ करावे लागते, ते येथे ओळखीचे म्हणून भेटेल.

संस्कृताने तर याहून पुढचे पाऊल टाकले होते. उगवत्या सूर्याकडे तोंड करून माणूस उभा आहे असे धरून त्या भाषेने दिशांची नावे ठेवली. समोर ती पूर्वा, पाठीमागे ती पश्चिमा आणि उजव्या हाताला ती दक्षिणा. दक्षिण हा एकच शब्द दिशेचा आणि उजव्या हाताचा झाला तो यामुळे. उभा माणूस हे दिशांचे मूळ मानण्याची कल्पना आपल्या परंपरेत केवढी खोल गेली आहे, हे यावरून दिसते. आणि सुश्रुताचे शारीरस्थान वाचणाऱ्यास हेही ठाऊक असेल, की १०७ मर्मांची मोजदाद करताना त्याने एका पायाची ११ मर्मे सांगितली आणि दुसरा पाय व दोन्ही बाहू यांवरूनच समजावेत असे म्हटले. हात आणि पाय एकाच आराखड्यावर बेतलेले आहेत ही दृष्टी त्यात आहे, आणि आजचे गर्भविज्ञान ती खरी मानते. गर्भाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यांत हातापायांचे कोंब प्रथम सारखेच असतात, हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा दोन्ही डोक्याकडच्या कडेला असतात. मग हात बाहेरच्या अंगाने पाव वळण घेतो आणि पाय आतल्या अंगाने. म्हणून कोपर मागे आले व गुडघा पुढे. म्हणून हाताचा अंगठा मध्यरेषेपासून दूर गेला आणि पायाचा तिच्याजवळ आला. 'अंगठ्याची बाजू' हाताला बाहेरची आणि पायाला आतली कशी, या विद्यार्थ्याच्या शंकेचे निरसन येथे होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या रोजच्या मराठीतले दिशावाचक शब्द फार लवचीक आहेत, आणि बोलीत जो गुण तोच शास्त्रात दोष होतो. 'वर' हा शब्द घ्या. डोके मानेच्या वर आहे. जखम वरची आहे, खोल नाही. आणि मनगटाच्या वर पुरळ उठला आहे. पहिला 'वर' डोक्याच्या दिशेचा, दुसरा त्वचेच्या दिशेचा, आणि तिसरा कोणाचा हे हात कसा ठेवला आहे त्यावर अवलंबून. हात लोंबता असेल तर कोपराकडे, मेजावर टेकलेला असेल तर मळहाताकडे. 'आत' या शब्दाची स्थिती याहून अवघड आहे, आणि त्याविषयी एक अनुभव येथे सांगतो.

एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी एका आप्तांबरोबर बसलो होतो. शेजारी सत्तरीची एक आजी होती. तरुण डॉक्टरांनी मोठ्या आपुलकीने विचारले, "आजी, गुडघ्यात कुठं दुखतं?" ती म्हणाली, "आतल्या अंगाला रे बाबा, रात्री कूस बदलताना कळ येते." त्यांनी कागदावर नोंद केली ती 'गुडघ्याच्या आत वेदना' अशी, आणि पुढची सारी चौकशी सांध्याच्या पोकळीविषयी झाली; आजी आपली दरेक प्रश्नाला मान हलवीत होती. शेवटी निघताना तिने लुगडे किंचित सावरून बोट ठेवून दाखविले, तेव्हा ते बोट सांध्यावर नव्हतेच. सांध्याच्या तीन बोटे खाली, नडगीच्या आतल्या अंगाला, मांडीकडून येणाऱ्या तीन स्नायूंच्या कंडरा ज्या ठिकाणी हाडाला येऊन मिळतात तेथे ते टेकले होते. डॉक्टरांनी लगेच कागदावरील मजकूर बदलला, त्यात त्यांचा सरळपणा दिसला. पण मी घरी येईपर्यंत त्या एका शब्दाचा विचार करीत होतो. आजी 'आत' म्हणालीच नव्हती, 'आतल्या अंगाला' म्हणाली होती. शास्त्रात ज्याला मध्यरेषेच्या जवळची बाजू म्हणतात तीच तिने अचूक सांगितली होती. नोंद करताना 'अंग' गळाले आणि त्याबरोबर अर्थही गळाला.

बाजूला 'अंग' म्हणणारी भाषा आपली. उजव्या अंगाला देऊळ, डाव्या अंगाला विहीर असा रस्त्याचा पत्ता आपण सांगतो. डोंगराला माथा, पायथा, कूस आणि सोंड देतो. देहाच्या खुणांनी मुलूख मोजणाऱ्या लोकांच्या भाषेत देहच मोजायची पाळी आली की आपण एकदम परक्या ध्वनीच्या शब्दांकडे धाव घेतो, याचे मला वाईट वाटते.

तत्सम शब्दांना माझा विरोध नाही. मी स्वतः त्यांच्याच संगतीत वाढलो. गणनाथ सेनांसारख्या विद्वानांनी कोलकात्यात बसून 'प्रत्यक्षशारीरम्' लिहिले आणि आधुनिक शारीराला संस्कृत नावे दिली, त्या परिश्रमांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु संस्कृतातून आलेला शब्द मराठीत शिरला की त्याला मराठी संसार लागतो, जुना अर्थ मागे पडतो, आणि हे ध्यानात न घेता तो परिभाषेत बसविला तर विद्यार्थ्याची फसगत होते. कडेच्या बाजूसाठी हिंदीच्या वळणाने 'पार्श्व' हा शब्द सुचविला जातो. संस्कृतात पार्श्व म्हणजे कूस, बगल. अर्थ निर्दोष आहे. पण मराठी कानाला पार्श्वभूमी, पार्श्वगायन, पार्श्वसंगीत हे शब्द सवयीचे, आणि त्या साऱ्यांत पार्श्व म्हणजे पाठीमागचे. 'पार्श्वभाग' तर आपण बसण्याच्या जागेलाच म्हणतो. त्यातून 'पश्च' हा मागच्या बाजूचा शब्द उच्चाराने त्याच्या शेजारीच. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाने 'पार्श्व' ऐकून 'पश्च' लिहिले तर कसूर कोणाची? 'अग्र' या शब्दाचेही तसेच. तो पुढच्या बाजूसाठी वापरावा तर जिव्हाग्र, नासाग्र, अंगुल्यग्र यांत तो टोकाचा अर्थ सांगतो. बोटाचे अग्र म्हणजे बोटाची पुढची बाजू नव्हे. 'मध्य' आणि 'अभिमध्य' यांतला फरक, म्हणजे अगदी मध्यरेषेवर असलेले आणि केवळ मध्यरेषेच्या जवळ असलेले यांतला फरक, एका उपसर्गावर सोपविलेला आहे, आणि घाईच्या लिखाणात पहिला बळी उपसर्गाचाच जातो. आणि 'सव्य' हा शब्द तर परिभाषेच्या उंबरठ्याच्या आत येऊच नये; संस्कृतात तो मुख्यतः डाव्याचा वाचक, दोन्ही हातांनी बाण सोडणारा अर्जुन म्हणून सव्यसाची, आणि जानव्याच्या सव्य-अपसव्यामुळे मराठीत त्याला सरळ, उजवा असाही अर्थ चिकटला. ज्या शब्दाचे डावे आणि उजवे असे दोन्ही अर्थ होतात, तो शस्त्रक्रियेच्या कागदावर कसा चालेल?

मग काय करावे? माझी सूचना अशी, की मराठीच्या एका अगदी साध्या प्रत्ययाकडे आपण पाहावे. 'कडचा' हा तो प्रत्यय. डोक्याकडचा, पायांकडचा, पोटाकडचा, पाठीकडचा, मध्यरेषेकडचा, कडेकडचा, हातापायांत मुळाकडचा आणि टोकाकडचा, थरांत त्वचेकडचा आणि खोलीकडचा, हातात अंगठ्याकडचा, करंगळीकडचा. शरीररचनेच्या दिशा या जागा नव्हेत, ते संबंध आहेत, हे विद्यार्थ्याला समजायला सर्वांत कठीण जाते. कोपर हे मनगटापेक्षा मुळाकडचे आहे आणि खांद्यापेक्षा टोकाकडचे. तेच कोपर, नावे दोन. 'वर' आणि 'खाली' हे शब्द ठिकाण सांगतात. 'कडचा' हा तुलना मागतो, कोणत्या दोन वस्तूंतली कोणती, हे विचारायला लावतो. आणि त्याचा दुसरा गुण असा, की तो पृथ्वीकडे पाहत नाही. हात वर करा, पाठीमागे बांधा, मेजावर टेकवा. अंगठ्याकडची बाजू अंगठ्याकडचीच राहते.

या दुसऱ्या गुणाची किंमत कळण्यासाठी युरोपातल्या एका जुन्या वादाची थोडक्यात कैफियत सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देहाच्या अवयवांना निरनिराळ्या देशांत आणि ग्रंथांत मिळून सुमारे ५०,००० नावे चालत होती; एकेका अवयवाला चार-चार, सहा-सहा. १८९५ साली बासेल येथे जर्मन शारीरविदांच्या मंडळाने त्यांची छाननी करून ती सुमारे ५,००० वर आणली. त्या यादीत माणूस उभा होता. पुढचे आणि मागचे, वरचे आणि खालचे हेच शब्द तिने पत्करले. परंतु ज्यांना गाय, कुत्रा, घोडा यांचे शारीरही शिकवायचे होते त्यांची अडचण झाली, कारण चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे डोके 'वर' नसते, 'पुढे' असते, आणि त्याची पाठ 'मागे' नसून 'वर' असते. म्हणून १९३५ साली येना येथे ठरलेल्या यादीत पोटाकडचे, पाठीकडचे, मस्तकाकडचे, शेपटीकडचे असे शब्द माणसालाही लावले गेले. ज्याला शेपूट नाही त्याला शेपटीकडचे म्हणावे हे पुष्कळांना रुचले नाही, आणि १९५५ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने माणसाला पुन्हा उभे केले. पुढे १९९८ साली जी आंतरराष्ट्रीय नामावली निघाली तिनेही माणसापुरते हेच धोरण ठेवले. आजही वैद्यकाचा आणि पशुवैद्यकाचा विद्यार्थी एकाच विद्वत्तेच्या दोन बोली बोलतात.

मराठीला हा वाद पुन्हा लढण्याची गरज नाही. 'डोक्याकडचा' हा शब्द बैलालाही लागतो आणि माणसालाही, 'पाठीकडचा'ही तसाच. एकाच राज्यात वैद्यक आणि पशुवैद्यक यांची पाठ्यपुस्तके मराठीत होतील तेव्हा दोघांच्या पहिल्या प्रकरणात हेच शब्द असू शकतील. येथे एक अपवाद मान्य केला पाहिजे. डोक्याच्या आत शिरल्यावर 'डोक्याकडचा' निरर्थक होतो. त्यातून माणसाच्या मेंदूचा अक्ष मध्यमेंदूपाशी जवळजवळ काटकोनात वाकलेला, त्यामुळे मज्जारज्जूत जी पाठीकडची बाजू ती मोठ्या मेंदूत टाळूकडची होते. युरोपीयांनी तेथे चोच या अर्थाचा लॅटिन शब्द घेतला. आपण 'नाकाकडचा' म्हणावे. त्यांचे शब्द गंभीर वाटतात ते आपल्याला लॅटिन येत नाही म्हणून. शेपूट, चोच, पोट, पाठ, कूस, बाण, मुकुट हीच त्यांची सामग्री आहे. देहाला डाव्या-उजव्यात विभागणाऱ्या प्रतलाला त्यांनी बाणाचे नाव दिले. घरगुती शब्दांनी शास्त्राची प्रतिष्ठा जात असती तर त्यांची केव्हाच गेली असती.

यावर आपल्याकडून एक रास्त हरकत येईल. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने १९६१ पासून जे अखिल भारतीय धोरण ठेवले, त्यात भारतीय भाषांना समान असे संस्कृतोद्भव शब्द असावेत असा आग्रह आहे. तो मोडून मराठीने आपली वेगळी चूल का मांडावी? तर ती मांडू नये. अवयवाच्या नावात, म्हणजे ऊर्ध्व महासिरा, अधोमहासिरा अशा संज्ञांत, तत्सम शब्दच असावेत. ती नावे आहेत, ती सर्वत्र एकच असलेली बरी, आणि समास करण्याचे संस्कृताचे सामर्थ्य 'कडचा'ला नाही. पण ती रक्तवाहिनी कोठून कोठे जाते, कशाच्या कोणत्या अंगाला आहे, हे सांगणारे वाक्य मात्र देशी संबंधांनी बोलावे. आणि प्रत्येक संज्ञेशेजारी देवनागरीत मीडिअल, लॅटरल, प्रॉक्सिमल, डिस्टल हे शब्दही द्यावेत, कारण पुण्याचा डॉक्टर उद्या चेन्नईच्या डॉक्टरशी बोलणार आहे.

दुसरी विनंती वर्गापुरती नाही, रुग्णालयापुरती आहे. रुग्णाला मराठीत जे कागद दिले जातात, संमतिपत्रे, घरी सोडतानाचे टिपण, व्यायामाच्या सूचना, त्यांच्या भाषेविषयीही आपले मार्गदर्शन असावे. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घरी मी अनेकदा हा गोंधळ पाहिला आहे, देहाचे उजवे अंग लुळे पडलेले, तपासणीच्या अहवालात मात्र 'डावी बाजू' लिहिलेली, आणि मुलगा घाबरून विचारतो, "काका, हा रिपोर्ट दुसऱ्याचा तर नाही ना?" मेंदूचा डावा भाग देहाचे उजवे अंग चालवितो, एवढे अर्धे वाक्य त्या कागदावर असते तर त्या रात्री त्या घराला झोप लागली असती. म्हणून डावे-उजवे जेथे जेथे येईल तेथे ते पूर्ण अक्षरांत लिहावे, आद्याक्षर कधीही वापरू नये, आणि त्याच्या आधी कोणाचे किंवा कशाचे हे जोडावे. 'रुग्णाचा उजवा गुडघा', 'मेंदूचा डावा भाग'. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ बाबींची जी यादी प्रसृत केली, तीत शस्त्रक्रियेची जागा अंगावर खूण करून ठेवण्याची बाब आहे; जगातल्या निष्णात शल्यचिकित्सकांनाही बाजू चुकण्याचे भय वाटते, म्हणून ती तजवीज आहे. ती खूण करताना रुग्ण जागा असतो आणि त्याला विचारले जाते. ते विचारणे मराठीत होणार, आणि 'आतल्या अंगाला' असे उत्तर आले तर ते लिहून घेणाऱ्याला समजले पाहिजे.

शब्दांची पारख कशी करावी, याविषयी एक सूचना करून पत्र पुरे करतो. समितीच्या बैठकीत संज्ञा वाचून दाखविल्या की त्या सर्वांनाच योग्य वाटतात, कारण बैठकीतल्या प्रत्येकाला उत्तर आधीच ठाऊक असते. तसे न करता मांडीचे एक हाड घ्यावे. त्याच्या एका टोकाला चेंडूसारखा गोल असतो, ते टोक डोक्याकडचे. तो गोल ज्या बाजूला वळलेला, ती मध्यरेषेकडची. हाडाचा दांडा एका अंगाने गुळगुळीत व किंचित फुगीर, ती पुढची बाजू, आणि दुसऱ्या अंगाने त्यावर खरखरीत उभी कड, ती पाठीकडची. एवढ्या तीन दिशा जुळवून ते हाड स्वतःच्या मांडीशी धरले, की ते उजव्या पायाचे की डाव्या हे आपोआप ठरते. आमच्या तोंडी परीक्षेतला हा पहिला प्रश्न असे, आणि चांगले चांगले त्यात अडखळत. मराठी माध्यमातून बारावी झालेली दहा मुले बोलवावीत, त्यांच्या हाती आपल्या मसुद्याचे ते एक पान आणि ते एक हाड द्यावे, आणि कोणीही काहीही न बोलता बाजूला उभे राहावे. कोणत्या शब्दापाशी त्यांची बोटे थांबतात ते पाहावे, आणि तो शब्द बदलावा. या कामी मला बोलावणे आले तर मी स्वखर्चाने येईन. हाडे ओळखण्याचा सराव अजून मोडलेला नाही.



आपला नम्र,
एक निवृत्त शारीर-अध्यापक